ब्रेकची यादी

महाळुंगे इंगळे इथल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं एचआर विभागात होतो. बालेवाडीला लागून असलेलं म्हाळुंगे वेगळं; मी म्हणतो ते चाकण-तळेगाव रस्त्यावरचं, खेड तालुक्यातलं. मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांना आम्ही पत्र्याचे भाग पुरवायचो. दर महिन्याच्या शेवटी एक काम माझ्याकडे ठरलेलं असायचं. ज्या मुलांचे सात महिने भरत आलेत त्यांची नावं काढायची आणि ती यादी कंत्राटदाराकडे पाठवायची. एक तारखेला त्या मुलांचं पंचिंग बंद व्हायचं. याला आम्ही ‘ब्रेक’ म्हणायचो आणि यादीच्या खाली सही माझी असायची.

आता आयटीआयमध्ये किंवा गावाकडच्या एखाद्या कार्यक्रमात तरुणांपुढच्या सर्वांत मोठ्या आव्हानावर बोलायला मला बोलावतात, तेव्हा मोबाइल, व्यसन आणि कौशल्याचा अभाव यांवर मी बोलावं अशी संयोजकांची अपेक्षा असते. पूर्वी मी तेच बोलायचो आणि टाळ्याही मिळायच्या. आज माझं मत स्पष्ट आहे. आपल्या भागातल्या तरुणाला काम मिळतं, पण त्या कामाची वर्षं साठत नाहीत. पंचविसाव्या वर्षी तो जिथे असतो तिथेच तिसाव्या वर्षीही असतो, आणि मधली पाच वर्षं तो घाम गाळत असतो. हे असं घडवण्यात माझा हात होता, म्हणून हे लिहितो आहे.

सात महिनेच का, हे आधी सांगायला हवं. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार बारा महिन्यांत 240 दिवस काम केलं की कामगाराची वर्षाची सलग नोकरी धरली जायची. मग त्याला काढायचं तर नोटीस द्यावी लागे, भरपाई द्यावी लागे. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत तर तात्पुरत्या कामगाराचे 240 दिवस भरले की त्याला कायम करण्याची तरतूद होती. त्यामुळे 240 हा आकडा कामगारापेक्षा आम्हा एचआरवाल्यांनाच जास्त पाठ. सात महिन्यांतल्या साप्ताहिक सुट्या आणि खाडे वजा केले की मुलगा 240 च्या बराच अलीकडे राहतो. तिथेच त्याला थांबवायचं. महिना-दीड महिना गेला की गरजेप्रमाणे परत बोलवायचं, बहुतेक वेळा दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर, म्हणजे जुना हिशेब पुढे जोडला जात नाही.

याच महाराष्ट्रात 1971 चा एक कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालण्याचा. कामगारांना कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने त्यांना वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरते म्हणून ठेवणं, ही त्यात अनुचित प्रथा म्हणून नोंदवलेली आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात मी हे शिकलो होतो, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. तरी यादी करताना ‘हे कंत्राटदाराचे कामगार आहेत, आपले नाहीत’ एवढ्या एका वाक्यावर मी स्वतःचं समाधान करून घेत राहिलो.

माझी पहिली चूक जॉइनिंगच्या दिवसाची. नवी बॅच आली की तासभर बोलायचं काम माझं. समोर लातूर, नांदेड, परभणी, बुलढाणा, यवतमाळकडची मुलं. कुणाचा फिटरचा आयटीआय, कुणाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा, काही नुसते बारावी. सुरक्षेचे नियम सांगून झाले की मी म्हणायचो, “मन लावून काम करा. कंपनी चांगल्या पोराला सोडत नाही. इथले कितीतरी जण असेच आले आणि पर्मनंट झाले.” शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. पण कायम झालेले ते लोक कारखाना सुरू झाला तेव्हाच्या भरतीतले होते. त्यानंतर कायम कामगारांच्या जागा भरणं जवळजवळ बंदच झालं होतं, आणि हे मला माहीत होतं. तरी मी ते म्हणायचो, कारण ते ऐकल्यावर मुलं पहिले तीन महिने खाडा करत नसत. माझ्या हजेरीच्या तक्त्यात ते दिसायचं आणि वरिष्ठ खूश व्हायचे.

दुसरी चूक मी मनातल्या मनात करत होतो, आणि ती जास्त दिवस टिकली. मुलं मध्येच सोडून जायची. पगार झाला की दुसऱ्या दिवशी फोन बंद. शेजारच्या कारखान्यात पाचशे रुपये जास्त मिळाले की निघाले. “या पिढीला चिकाटी नाही,” असं मी सगळ्या बैठकांत म्हणायचो, घरी जेवतानाही म्हणायचो. ज्यांना आपण सात महिन्यांपलीकडे ठेवणारच नाही, त्यांनी आपल्याशी निष्ठेने राहावं ही अपेक्षा मी कशाच्या जोरावर करत होतो? सातव्या महिन्यात जाणारच असेल तर मुलाने पाचव्या महिन्यात पाचशे रुपयांसाठी जाणं हा साधा शहाणपणा होता. तेव्हा तो मला बेजबाबदारपणा वाटायचा.

तिसरी चूक मला सर्वांत जास्त टोचते. ती एका कागदाची आहे.

लातूरकडचा एक मुलगा आमच्याकडे ट्रेनी होता. त्या काळी नीम नावाची योजना जोरात होती. एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेने 2013 मध्ये ती आणली. तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत मुलांना कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून ठेवता यायचं. त्यांना वेतनाऐवजी विद्यावेतन, आणि कंपनीशी त्यांचं मालक-कामगाराचं नातं नाही. अप्रेंटिसचंही तसंच, 1961 च्या अप्रेंटिस कायद्याचं 18 वं कलम सांगतं की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. शिकवण्यासाठी वापरल्या असत्या तर या योजना उत्तम होत्या. आम्ही त्या लाइन चालवण्यासाठी वापरल्या. हा मुलगा तिसऱ्या आठवड्यापासून रोबोटिक वेल्डिंगच्या सेलवर एकटा उभा राहायचा. टिप कधी बदलायची, फिक्स्चर कुठे घासतंय, स्पॅटर का वाढतोय, हे तो आवाजावरून ओळखायचा. मेंटेनन्सचे लोक रात्रपाळीत त्याला विचारून निर्णय घ्यायचे.

त्याची मुदत संपली तेव्हा तो माझ्याकडे अनुभवाचा दाखला मागायला आला. “सर, त्यात फक्त रोबोटचं नाव टाका. कोणती मशीन चालवली तेवढंच.” मी नाही म्हणालो. कारण साधं होतं. एका ट्रेनीने उत्पादनाची मशीन स्वतंत्रपणे चालवली असं कंपनीच्या लेटरहेडवर लिहिलं, तर उद्या तपासणीत किंवा न्यायालयात तो पुरावा झाला असता. मी त्याला छापील नमुन्यातला दाखला दिला. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत प्रशिक्षण घेतलं, वर्तणूक चांगली, एवढंच. त्यावर तो पुढच्या कारखान्यात गेला आणि तिथे त्याला पुन्हा फ्रेशर म्हणून घेतलं. पॅकिंगला उभं केलं. हे त्यानेच मला नंतर एचपी चौकात भेटल्यावर सांगितलं. रागावून नाही, नुसतं सांगितलं. मी त्याचं काम घेतलं, आणि ते काम केल्याचा पुरावा त्याच्या हातात जाऊ दिला नाही. सात महिन्यांचा पगार कमी देणं हा याहून लहान अपराध ठरला असता.

नीम योजना 2022 च्या अखेरीस एआयसीटीईने मागे घेतली, पण मुलांसाठी दुसऱ्या चौकटी तयार होत्याच. राज्य सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावीला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन आणि मुदत सहा महिने. पुढे ती अकरा महिन्यांवर नेली. मुदत संपल्यावर हे प्रशिक्षणार्थीही कायम कामासाठी आंदोलनाला बसले. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

कारखान्यांची बाजू मला ठाऊक आहे आणि ती खोटी नाही. मोठी कंपनी पुरवठादाराकडून दर वर्षी भाव कमी करून मागते. 2019 मध्ये गाड्यांची मागणी पडली तेव्हा चाकण पट्ट्यात कितीतरी ठिकाणी आठवड्यातले काही दिवस उत्पादन बंद ठेवावं लागलं. मंदीत माणसं कमी करता यावीत ही मालकाची गरज खरी असते. पण ही गरज भागवण्याचा सगळा भार वीस-बावीस वर्षांच्या पोरांवर टाकायचा हे आम्ही ठरवलं होतं. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या कायम कामगारांना निदान काही पगार मिळाला. कंत्राटी आणि ट्रेनी मुलांसाठी मी एक मेसेज टाइप केला होता, पुढील सूचना मिळेपर्यंत येऊ नये असा. ती मुलं महाळुंगे, खराबवाडी, निघोजेच्या खोल्यांत चार-चार, पाच-पाच जण राहत होती. खोलीभाडं आणि मेसचे पैसे कुठून द्यायचे, हा प्रश्न त्या मेसेजमध्ये नव्हता आणि माझ्या डोक्यातही नव्हता.

देशातल्या कारखान्यांतल्या साधारण 40 टक्के कामगारांची भरती आता कंत्राटदारामार्फत होते, असं उद्योगांच्या सरकारी वार्षिक पाहणीतून दिसतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या भारतविषयक अहवालानुसार देशातल्या बेरोजगारांत जवळपास 83 टक्के तरुण आहेत. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आमची मुलं जगतात. महिनाभर कामगार, पुढच्या महिन्यात बेरोजगार, मग पुन्हा कामगार. दोन्ही पाहण्यांत ती कधी इकडे दिसतात, कधी तिकडे.

आणि मग आपण विचारतो की एवढे कारखाने दारात असताना पोरं सरकारी भरतीच्या मागे का लागतात. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. पुण्यात अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला ‘चाकणला जाऊन काम कर’ असं सांगणं सोपं आहे. मीही ते सांगितलं आहे. त्यांतले काही चाकणहून परत गेलेले असतात, हे मी विचारून पाहिलं नव्हतं. लग्नाचंही तसंच. स्थळ बघायला गेलं की मुलीकडचे पहिला प्रश्न करतात, “पर्मनंट आहे का?” डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात लग्नं न जमणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. त्यांनी घटत्या मुलींच्या संख्येवर बोट ठेवलं, ते बरोबरच होतं. पण मुलीच्या बापाचा तो प्रश्नही मी अनेक घरांत ऐकलेला आहे, आणि त्याचं उत्तर माझ्या यादीत होतं.

मी ती नोकरी सोडली ती काही बाणेदारपणे नाही. कारखान्याची मालकी बदलली, विभाग लहान झाला, मी बाहेर पडलो. तोवर यादीवर सही करतच होतो. एकदाही वर जाऊन ‘हे चुकीचं आहे’ असं मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा अंदाज बांधत बसण्यात अर्थ नाही. मी म्हटलं नाही, एवढं खरं आहे.

आता भेटणाऱ्या मुलांना मी भाषण देत नाही, कागद विचारतो. पगाराच्या चिठ्ठीवर कोणत्या कंत्राटदाराचं नाव आहे ते पाहा. पीएफचा यूएएन नंबर एकच ठेवा. दर कंत्राटदाराकडे नवा काढून घेऊ नका आणि पासबुकात दर महिन्याची रक्कम जमा होते का ते मोबाइलवर तपासा. ईएसआयचं कार्ड पहिल्या महिन्यातच मागा, बोट चेपल्यावर नाही. हजेरीचे आणि गेटपासचे फोटो काढून ठेवा. कोणत्या तारखेला कोणत्या मशीनवर उभे होता, ते वहीत लिहा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे आणि ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. आधी त्यासाठी पाच वर्षं लागायची. पण मुलाला ट्रेनी म्हटलं की तो या हक्कांच्या बाहेर जातो. म्हणून नेमणुकीच्या कागदावर तुम्हाला काय म्हटलंय, ते सही करण्याआधी वाचा. समजलं नाही तर दोन दिवस मागून घ्या.

आणि माझ्या जुन्या खुर्चीवर आज जे बसले आहेत त्यांना माझी विनंती आहे. कंपनीचं धोरण बदलणं तुमच्या हातात नसेल, मला ते कळतं. पण दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. नव्या बॅचला पहिल्याच दिवशी सांगा की ही नोकरी सात महिन्यांची आहे, म्हणजे ती मुलं त्या हिशेबाने खोली घेतील, कर्ज काढतील, घरी सांगतील. आणि मुलगा जाताना त्याने जे काम केलं ते त्याच्या दाखल्यावर मशीनच्या नावासकट लिहा.