शेवटच्या मोटारीचं व्होल्टेज

मोडनिंबच्या शिवारात विहिरीला पाणी असतं, वीजही आलेली असते, पण डीपीपासून, म्हणजे रोहित्रापासून, लांबच्या मोटारीपर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज पडलेलं असतं. स्टार्टरशेजारी कपॅसिटर बसवणं हा त्यावरचा स्वस्तातला इलाज. महावितरण तो बसवा म्हणून वर्षानुवर्षं सांगतंय. पुष्कळ शेतकरी कानाडोळा करतात. माझी नोकरी या डब्याच्या आतल्या पदार्थावर काम करण्यात गेली, तरी ‘याने काय फरक पडणार’ हा शेतकऱ्याचा संशय मला बिनबुडाचा वाटत नाही. (दोन फेजवर मोटार ओढण्यासाठी लावतात तो कंडेन्सर वेगळ्या कामाचा. त्याचा विषय इथे नको.)

डब्यात असते पॉलिप्रोपिलीनची फिल्म, साधारण 6 मायक्रॉन जाडीची, आणि तिच्यावर जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर. धातूच्या दोन थरांमधली फिल्म म्हणजे परावैद्युत, डायलेक्ट्रिक. तांब्यातले इलेक्ट्रॉन मोकाट. इथले दाव्याला बांधलेल्या जनावरासारखे, दावं ताणेल तेवढेच सरकणारे. विद्युतक्षेत्र लागलं की रेणूतला ऋण भार किंचित एकीकडे, धन भार दुसरीकडे जातो. त्यामुळे आतलं क्षेत्र सौम्य होतं आणि त्याच व्होल्टेजला धातूच्या थरांवर जास्त भार मावतो. पॉलिप्रोपिलीनमध्ये निर्वाताच्या 2.2 पट. मायकेल फॅरडेने 1837 च्या सुमारास गंधक, लाख आणि काच घालून हाच गुणधर्म तपासला होता.

पाण्यासाठी हा आकडा 80 आहे. मग पाणीच का भरू नये? कारण आपल्या विहिरीच्या पाण्यात क्षारांचे आयन मोकळे फिरतात. भार साठण्याऐवजी वाहून जातो. शिवाय नुसतं साठवून भागत नाही, तग धरावा लागतो. 440 व्होल्टच्या एसीचं शिखर 620 व्होल्टचं. 6 मायक्रॉनवर ते पडलं की मायक्रॉनमागे 100 व्होल्टचा ताण. मिलिमीटरभर हवा मायक्रॉनमागे 3 व्होल्टलाच हार मानते. फिल्म एखाद्या जागी फुटलीच, तर तिथला धातूचा थर उडून जातो, छिद्र आपोआप वेगळं पडतं आणि डबा चालू राहतो. मात्र दर वेळी थोडी क्षमता घटते. ओल आत शिरली, उन्हात पत्र्याची पेटी तापली, की ही झीज वाढते. बाहेरून डबा नव्यासारखाच दिसतो.

मोटारीला चुंबकत्व उभं करायला जो प्रवाह लागतो, तो दर आवर्तनात डीपीकडून येतो नि परत जातो. पाणी उपसत नाही, तारा मात्र तापवतो. कपॅसिटर तो जागेवर पुरवतो. 5 अश्वशक्तीची मोटार, पॉवर फॅक्टर 0.75 आणि 2 केव्हीएआर क्षमतेचा कपॅसिटर धरून हिशेब केला, तर तारेतला प्रवाह साडेआठ अँपिअरवरून सातवर येतो. तारेत वाया जाणारी वीज जवळपास एक तृतीयांशाने घटते.

पण मोटारीच्या वाइंडिंगमधला प्रवाह जवळजवळ तेवढाच राहतो. मीटरवरचं युनिटही फारसं हलत नाही, आणि 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. फायदा तारेला, डीपीला आणि त्याच तारेवरच्या शेजाऱ्याला. त्यात आणखी एक मेख: कपॅसिटरचा पुरवठा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. 415 चे 300 व्होल्ट झाले की 2 केव्हीएआरचा जेमतेम 1 उरतो. गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच तो अर्धा पडतो. एकट्याने बसवून पाहणाऱ्याला ‘काही फरक पडत नाही’ असं वाटलं, तर त्याने खरं तेच पाहिलं.

माझ्या मते हा डीपीनिहाय करायचा उद्योग आहे: एका डीपीवरच्या सगळ्या मोटारींना एकदमच कपॅसिटर बसवावेत, आणि दर उन्हाळ्यात वायरमनने क्लॅम्प मीटर लावून तपासावेत. 415 व्होल्टला 2 केव्हीएआरचा चांगला कपॅसिटर प्रत्येक तारेतून पावणेतीन अँपिअर घेतो. व्होल्टेज पुरेसं असूनही काटा दीडवर थांबला, तर आतली फिल्म निकामी होत आलेली असते.