जेसिकाला का मारलं?

एकशे दहा भाग! तेही जपानी कार्टूनचे! या वयात मी हे काय आरंभलंय असं धाकट्या जावेने फोनवर विचारलं, तेव्हा उत्तर सुचलं नाही. दोष नातवाचा. इंजिनिअरिंगची परीक्षा संपवून तो महिनाभर राहायला आला, आणि "आजी, तू इतिहास शिकवायचीस ना, मग हे बघच," म्हणून लॅपटॉप पुढ्यात ठेवला. नंतर दर शनिवार-रविवार येऊन उरलेले भाग दाखवले. जपानी मला कळत नाही आणि इंग्रजी अक्षरं खालून पळतात, त्यामुळे तो मधेमधे थांबवायचा. मी वाचलं की "हं" म्हणायची, की पुढे. अशी सगळी मालिका आम्ही "हं हं" करत पाहिली.

'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज' हे तिचं नाव. योशिकी तानाका यांच्या दहा कादंबऱ्यांवरून (1982 ते 1987) बेतलेली, 1988 ते 1997 या काळात व्हिडिओ कॅसेटवर निघालेली. अंतराळातल्या महायुद्धाची गोष्ट. एका बाजूला साम्राज्य, तिथे राइनहार्ड नावाचा देखणा, बुद्धिमान, तरणाबांड सेनापती. दुसऱ्या बाजूला लोकशाही आघाडी, तिथे यांग वेन-ली. याला इतिहासकार व्हायचं होतं, पैसे नव्हते म्हणून फुकट शिक्षण मिळेल अशा लष्करी शाळेत गेला आणि नाइलाजाने सेनापती झाला. लोळत पडायला आवडणारा, चहाबाज. मला तो पहिल्याच भागात आवडला हे सांगायला नकोच. (पुढे गोष्ट फुटणार आहे. ज्यांना बघायची आहे त्यांनी इथेच थांबावं.)

या मालिकेची कीर्ती इतकी मोठी की तिला नावं ठेवणं म्हणजे पाप. पण पेपर तपासण्याची सवय जात नाही हो. लाल पेन मनात सुरूच असतं.

पहिली लढाई पाहतानाच मी म्हटलं, "अरे, ही जहाजं अंतराळात आहेत ना? मग पानिपतावर उभी असल्यासारखी रांगेत का? वर-खाली अशा दिशाच नाहीत का?" तो हसला. म्हणाला, सगळेच हे म्हणतात. शत्रूच्या चाळीस हजार जहाजांचे तीन तुकडे राइनहार्ड वीस हजारांनिशी एकेक करून गाठतो, हे डावपेच उत्तम; पण ते जमिनीवरचे. इझरलोन नावाचा अवकाशातला किल्ला यांग घेतो तोही वेष पालटून आत माणसं घुसवून. आपल्याकडच्या गडांच्या गोष्टी वाढत्या वयात ऐकलेल्यांना त्यात नवल वाटणार नाही.

दुसरं, शत्रू मूर्ख ठेवायचा म्हणजे नायक आपोआप हुशार ठरतो. गायर्सबुर्ग किल्ला दुरून थेट इझरलोनसमोर आणतात आणि तोफांची देवाणघेवाण करत बसतात! सरळ नेऊन आपटायचा ना! ते शेवटी हरल्यावर सुचतं. आणि यांगने एका मोहिमेत बर्फाचे प्रचंड ठोकळे वेगाने फेकून राजधानीभोवतीचे बारा संरक्षक उपग्रह उडवले. एवढं रामबाण अस्त्र पुढे कुणी वापरल्याचं काही आठवत नाही. स्त्रिया मोजक्या. पृथ्वीपूजकांचा तो पंथ तर लेखकाला कोणी मारायचं झालं की हजर. असो. हे सगळं मी मार्जिनमध्ये लिहिलं असतं, मार्क कापले नसते.

खरा वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर.

लोकशाही आघाडीचं सरकार निवडणूक जवळ आली म्हणून साम्राज्यावर स्वारी करायचं ठरवतं. फोर्क नावाचा एक आगाऊ अधिकारी योजना मांडतो. काय करणार असं विचारलं की परिस्थितीनुरूप लवचीक धोरण वगैरे भाषा. ब्यूकॉक नावाचे सत्तरीतले सेनानी (माझ्याच वयाचे, माझे आवडते!) त्याला तिथल्या तिथे सुनावतात की याचा अर्थ ऐनवेळी सुचेल ते करायचं. पण ऐकतो कोण. तीन कोटी सैनिक जातात. दोन कोटी परत येत नाहीत. ही शेवटची लढाई होते तो तारा सबटायटलमध्ये अमृतसर लिहिलेला होता, आणि आघाडीच्या राजधानीच्या सूर्याचं नाव भारत! मी दोनदा मागे नेऊन वाचलं.

आणि या पराभवातून वर कोण येतं? ट्रुनिख्ट. गोड बोलणारा, कातडी बचावणारा पुढारी. त्याने स्वारीच्या विरोधात मत दिलेलं असतं, केवळ हिशेब म्हणून, आणि त्याच भांडवलावर तो प्रमुख होतो. पुढे भाग जातात तसतसा तो निसटत राहतो आणि इकडे राइनहार्ड सरदारांची मिजास उतरवतो, कर कमी करतो, कायदे सुधारतो.

तर असे आम्ही त्या प्रसंगापर्यंत आलो, जिथे राइनहार्डचं जहाज यांगच्या तोफेच्या टप्प्यात असतं. एक हुकूम, की युद्ध संपलं. आणि त्याच वेळी शत्रूने राजधानी वेढल्यामुळे ट्रुनिख्टचं सरकार शरण जातं, यांगला गोळीबार थांबवायचा आदेश येतो. आणि यांग थांबतो. कारण लष्कराने निवडून दिलेल्या सरकारचं ऐकायचं असतं, सरकार नालायक असलं तरी.

नातवाने लॅपटॉप थांबवला. म्हणाला, "आजी, खरं सांगू? यांग मूर्ख आहे. आपल्यालाही एक राइनहार्डच हवा."

तो सहज म्हणाला. मला मात्र चहा घशाखाली जाईना.

मी म्हटलं, हाच तर लेखनातला दोष. लेखक म्हणतो मी दोन्ही बाजू तोलतो, पण तराजूच्या एका पारड्यात हिरा आणि दुसऱ्यात गोटे टाकतो. चांगला राजा आणि वाईट लोकशाही यांची तुलना केल्यावर कोण जिंकणार? वाईट राजा आणि बरी लोकशाही का नाही?

"रुडॉल्फ होता की," तो म्हणाला. खरंच होता. साम्राज्याचा मूळपुरुष, लोकांनीच निवडून दिलेला आणि मग सम्राट होऊन बसलेला. शिवाय राइनहार्डला लेखकाने धुतल्या तांदळासारखा कुठे ठेवलाय? वेस्टरलँडवर अणुबॉम्ब पडणार हे माहीत असून तो वीस लाख माणसं मरू देतो, शत्रूची बदनामी व्हावी म्हणून. त्यावरून जिवलग मित्र किर्खाइसशी बिनसतं आणि त्याची किंमत म्हणून किर्खाइसच जातो. शेवटी स्वतः पंचविसाव्या वर्षी मरतो, मागे तान्हं मूल. "आणि आजी, तूच म्हणायचीस ना, सोपा पेपर काढून हुशार मुलगा कळत नाही. लोकशाही चांगली चालली असताना तिची बाजू कोणीही घेईल. तानाकांनी कठीण पेपर काढलाय. लोकांनी स्वतः केलेली चूक स्वतःच्या अंगावर घेणं, हे यांगचं उत्तर. मला ते पटत नाही, पण पेपर चुकीचा नाही."

माझ्याच काठीने मला मारलं कार्ट्याने. अर्धा तास मी गप्प. भाजी निवडताना मला सापडलं काय खुपतंय ते.

जेसिका एडवर्ड्स! पहिल्या लढाईत तिचा होणारा नवरा मरतो. शोकसभेत ट्रुनिख्ट बलिदानावर भाषण ठोकत असतो, तेव्हा ती उठून सर्वांसमक्ष विचारते की तुम्ही स्वतः कुठे होतात. मग ती युद्धविरोधी म्हणून उभी राहते आणि निवडून येते. एकशे दहा भागांत मला आठवणारी निवडणूक तेवढीच. आणि लष्करी बंडाच्या वेळी क्रीडांगणावरच्या सभेत तिला मारून टाकतात. किर्खाइस सव्विसाव्या भागात मरतो, ही त्याच्याही आधी. म्हणजे ट्रुनिख्टला मतपेटीतून घरी पाठवू शकेल असं एकच माणूस लेखकाने घडवलं आणि लगेच पुसलं. कठीण पेपर काढा हो, पण उत्तरपत्रिकाच हिसकावून घेतली की!

"आपल्याकडे तसं झालं नाही," मी म्हटलं, आणि त्याला मृणाल गोरेंबद्दल सांगितलं. आणीबाणीत तुरुंगात, आणि 1977 साली उत्तर मुंबईतून थेट लोकसभेत. पाणीवाली बाई दिल्लीत आणि दिल्लीवाली बाई पाण्यात, असं तेव्हा लोक म्हणायचे. त्याला ते फार आवडलं. म्हणाला, "मग तू पण आणीबाणीविरुद्ध होतीस ना?"

तिथे मी अडकले. पंचवीस वर्षांची होते, नोकरीला दोन वर्षं झालेली. गाड्या वेळेवर यायच्या. कचेऱ्यांत माणसं जागेवर सापडायची. शिक्षकांच्या खोलीत डबा खाताना मी मोठ्याने म्हटलं होतं, "काही म्हणा, शिस्त आली ते बरं झालं." समोर गणिताच्या बाई होत्या. त्यांचे यजमान तेव्हा दोन महिने येरवड्यात होते. मला माहीत नव्हतं. त्यांनी डबा झाकला, आणि त्या वर्षी माझ्याशी कामाखेरीज बोलल्या नाहीत. पुढे बोलल्या, तिळगूळही दिला. पण मी माफी कधी मागितली नाही. आता त्याही नाहीत.

हे मी आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं. मला वाटलं, आता म्हणेल, बघ, तुलाही राइनहार्डच हवा होता. म्हणाला नाही. शेंगा सोलत बसला माझ्याबरोबर. बऱ्याच वेळाने विचारलं, "77 ला मत कुणाला दिलंस?"

"गुप्त मतदान असतं," मी म्हटलं.

मग उरलेले भाग पाहिले. यांग गेला त्या भागाला मी रडले, तोही रडला, पण तो जांभई आली म्हणाला. ब्यूकॉक जातात त्या भागाला मी आधीच रडून घेतलं होतं. शेवटी ज्या थोड्या जागेला स्वतःचं राज्य स्वतः चालवायची मुभा मिळते ती त्या भारत नावाच्या सूर्याभोवतीचीच.

2018 पासून हीच गोष्ट पुन्हा नव्याने काढली आहे म्हणे, चित्रं जास्त झकपक. जेसिका त्यातही मरते का, असं मी विचारलं. हो म्हणाला. तरी येत्या शनिवारी सुरू करणार आहोत. जहाजं वर-खाली जातात का तेवढं बघायचंय.