दहा बोल्टांचं झाकण

जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध, जरा वाकून बघितलं तर, लहान घमेल्याएवढा एक लोखंडी गोळा दिसतो. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात. आमच्या माधवनगरात त्याचं डिफ्रन्सल झालं होतं, आणि आण्णांच्या तोंडी तर ते नुसतं ‘पोट’ होतं. पोट गळतंय, पोटात पाणी गेलंय, पोट उघडून बघाया लागंल. इंजिनाकडनं फिरत आलेला दांडा इथं काटकोनात वळून चाकांकडं जातो. वळणावर आतलं चाक सावकाश आणि बाहेरचं वेगानं फिरायची सोयही इथंच. बैलगाडीला ही भानगड नाही, कारण तिची चाकं आसावर सुटी फिरतात. थोडं वंगण घातलं की झालं. जीपच्या पोटातली दातेरी चाकं मात्र कायम तेलात लागतात, आणि ते तेल राखायला मागच्या बाजूला पत्र्याचं एक झाकण असतं, दहा बोल्टांनी आवळलेलं. ट्रकचं पोट बहुधा मागून बंद असतं, काम पुढच्या तोंडानं करायचं. जीपचं मागून उघडतं. मिस्त्रीला ते सोयीचं आणि रस्त्यातल्या दगडालाही.

आण्णांचं गॅरेज माधवनगरहून बुधगावकडं जाणाऱ्या रस्त्याला होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक खड्डा, एक वेल्डिंगचं मशिन आणि मागं जुनी लेथ. गिरणीचा भोंगा झाला की आण्णा चहा घ्यायचे. सांगलीच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या दारात उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टर आणि ट्रक यांची रांग लागायची, उन्हाळ्यात हळदीच्या गाड्या. जीप तशा कमीच. मी त्या वर्षी आयटीआयला टर्नरचा कोर्स करत होतो, त्यामुळं लेथ माझ्याकडं.

मामाची जीप होती. मामा शिराळा तालुक्याच्या पश्चिम अंगाचा. सरकारी लिलावातली जीप त्यानं घेतली, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं आणि वडाप सुरू केलं. कोकरूड-शेडगेवाडीकडनं वर गुढे-पाचगणीच्या पठाराच्या वाड्यावस्त्यांवर माणसं न्यायची, उतरताना दुधाचे कॅन, कोंबड्या, आजारी माणूस, काय असेल ते आणायचं. निम्मे पैसे पतसंस्थेचे, म्हणजे महिन्याला हप्ता. एसटी जिथं थांबायची तिथनं पुढं मामाचा धंदा. रस्ता म्हणायला रस्ता. पावसाळ्यात चाकोऱ्या खोल जायच्या आणि मधल्या उंचवट्यावर जांभ्याचे दगड दात विचकून बसायचे. रिकामी जीप त्यावरनं निघून जाते. चौदा माणसं बसली की पाटे खाली दबतात आणि पोट नेमकं दगडाच्या उंचीला येतं.

दिवाळीनंतर एका सकाळी ती जीप ट्रॅक्टरला बांधून माधवनगरला आली. झाकणाची खालची कड दगडानं उचकटली होती. मोठं काही झालं नव्हतं. चिमटीत धरण्याएवढी फट. पण दोन दिवस थेंब थेंब तेल गेलं आणि मामाला कळलं ते पोटातनं हुंकारल्यासारखा आवाज यायला लागल्यावर. तोवर क्राऊन आणि पिनियनचे दात खाऊन गेले होते. ही दोन चाकं कारखान्यात जोडीनं जुळवलेली असतात, एक बदलून चालत नाही, बदलायची तर जोडीच. मामीची बोरमाळ त्या जोडीत गेली. म्हणजे सोनाराकडं गहाण पडली. मामी आईजवळ स्वयंपाकघरात बसली होती, गळ्यात नुसता काळ्या मण्यांचा सर. काही बोलली नाही. मामाच बोलत होता, गरजेपेक्षा जास्त.

प्रश्न असा होता की आता झाकण कुठलं घालायचं. पुन्हा एकदा असं झालं तर गहाण टाकायला घरात काही उरलं नव्हतं.

कंपनीचं पत्र्याचं झाकण दोन-तीन मिलिमीटर जाडीचं असतं. डांबरी रस्त्याला ते बास होतं. पण त्याची दोन दुखणी आहेत. एक म्हणजे दगडानं ते आत चेपलं तर थेट क्राऊनला घासतं. दुसरं दुखणं मिस्त्रीच लावतो: गळतंय म्हणून बोल्ट आणखी आवळतो, त्यानं दोन बोल्टांमधला पत्रा फुगतो आणि गळती वाढते. बोल्ट अमोरासमोर थोडे थोडे आवळत न्यायचे असतात, गाडीचं चाक बसवताना आवळतात तसे. एवढी साधी गोष्ट, पण घाईच्या गॅरेजात कोण करतंय!

मामाच्या मनात कोल्हापूरचं ओतीव झाकण होतं. उद्यमनगरात कोणी तरी बिडाचं जाड झाकण करून देतो असं त्याला एका ड्रायव्हरनं सांगितलं होतं.

"दाजी, बोटभर जाड हाय. दगड फुटंल पर झाकण न्हाई फुटायचं."

"पाव्हणं, बीड फुटतंयच," आण्णा म्हणाले. "वाकत न्हाई, म्हणून फुटतंय."

यावर आतून आई म्हणाली, "व्हय की. आमच्या म्हातारीचा बिडाचा तवा हातातनं पडला आन् दोन तुकडं झालं. लोखंडाचा पोचा पडून का होईना, अजून चाललाय." वाद तिथंच मिटायला हवा होता. पण मामाला जाडी डोळ्यांसमोरनं हलेना. जाड ते मजबूत, असं आपल्याला वाटतंच.

आमच्या शेजारी एक गृहस्थ होते, किर्लोस्करवाडीला ओतशाळेत हयात घालवून आलेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानच्या माळावर जी वाडी उभी केली, तिनं आमच्या भागातल्या किती तरी घरांना लोखंडाची भाषा शिकवली. त्यांना बोलावलं. त्यांनी जमिनीवर खडूनं आकृती काढून दाखवली. साध्या बिडात कार्बन पापुद्र्यांसारखा पसरलेला असतो, तडा एकदा सुटला की त्या पापुद्र्यांवरनं सरळ धावत जातो. वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घातलं की तोच कार्बन गोळ्यांच्या रूपानं बसतो आणि तडा जागेवर अडतो. त्याला एसजी आयर्न म्हणायचं. ते थोडं वाकतंही. "तसलं झाकण मिळालं तर डोळं झाकून घ्या," ते म्हणाले. पण एका नगासाठी लाकडी पॅटर्न करून ओतून घ्यायचं तर खर्च झाकणाचा नाही, पॅटर्नचा. तो मामाच्या कुवतीबाहेरचा. ॲल्युमिनियमचंही कोणी सुचवलं. त्यानं तेल थंड राहतं हे खरं, पण जांभ्यावर ॲल्युमिनियम घासणं म्हणजे खडबडीत किसणीवर गूळ घासणं.

राहिलं प्लेटीचं झाकण. आण्णांनी तेच ठरवलं होतं, फक्त मामाच्या तोंडून यायची वाट बघत होते. ते मला एवढंच म्हणाले, "दगड लागणारच हाय. लागल्यावर घरी यायला मिळतंय का, ते बघायचं. प्लेट चेपली तर हातोड्यानं वर काढता येती, चिरली तर शेडगेवाडीलाबी वेल्डिंगवाला हाय. बिडाला कुठं जातोस?"

जुन्या झाकणावरनं भोकं आखून घेतली. बारा मिलिमीटरच्या प्लेटीचं कडं कापलं, आणि त्यावर सहा मिलिमीटरचे पाच तुकडे डोंब्यासारखे जोडून पोट केलं. क्राऊन फिरायला आत किती जागा लागते ते चिकणमातीचा गोळा लावून, हातानं चाक फिरवून बघितलं. तेल भरायचं भोक जुन्या झाकणाच्या उंचीलाच ठेवलं. बाजारात मिळणाऱ्या मोठ्या पोटाच्या झाकणांत हे भोक कधी खाली, कधी वर असतं. भोकापर्यंत तेल आलं म्हणून माणूस निवांत होतो आणि वरचं बेअरिंग कोरडं राहतं. खालच्या तीन बोल्टांपुढं एक जाड आडवी पट्टी जोडली, म्हणजे दगड आधी तिला भिडेल, बोल्टांची डोकी छाटली जाणार नाहीत.

वेल्डिंगनं प्लेट ओढली जाते. आण्णांनी इकडं एक इंच, तिकडं एक इंच असं करत टाके घातले, तरी कडं सपाट राहिलं नव्हतं. काचेवर ठेवलं तर एका अंगाला ब्लेड शिरत होतं. मग ते लेथच्या फेसप्लेटवर बांधलं आणि मी त्याचं तोंड मारलं. दुपारभर लागली. रात्री झाकण उताणं ठेवून आत रॉकेल ओतलं, बाहेरून टाक्यांवर चुना फासला. सकाळी चुन्यावर दोन ठिकाणी ओले डाग होते. तेवढं खरवडून परत वेल्डिंग केलं, पुन्हा रात्रभर ठेवलं. दुसऱ्या सकाळी चुना कोरडा. नव्वद नंबरचं तेल भरलं, त्याचा तो गंधकाचा उग्र वास दिवसभर हाताला राहिला, आणि जीप गेली. पैशाचं कोणी बोललं नाही. पुढच्या खेपेला मामी इंद्रायणी तांदळाचं पोतं घेऊन आली, एवढंच.

त्या पावसाळ्यात मामा चिडून आला. "दाजी, तुमचं झाकण गळतंय!" मागच्या चाकांच्या आतल्या अंगाला तेल आलं होतं. आण्णांनी झाकणावर बोट फिरवलं, कोरडं. मग वरची वाफ जायची नळी काढली. तिच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. पोट तापलं की आतली हवा फुगते, वाट मिळाली नाही तर ती तेलाला चाकांकडच्या सीलमधनं ढकलते. आणि तापलेलं पोट ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की उलटं होतं, पाणी आत ओढलं जातं. तेल काढलं तर ताकासारखं पांढरट. आण्णांनी नळीला रबरी पाईप जोडून तो पार सीटखाली उंच नेऊन बांधला. झाकणाच्या निवडीची चर्चा करणारे लोक या नळीविषयी कधीच विचारत नाहीत, हे मी आजही बघतो.

आजही म्हणजे, आता माझ्याकडं नव्या गाड्या घेऊन पोरं येतात. रविवारी चिखलात, नदीपात्रात गाड्या घालायची हौस. मोबाइलवर अमेरिकेतली झाकणं दाखवतात, लाल रंगाची, पंखे काढलेली. वाईट नाहीत, त्यातली एसजी आयर्नची, बोल्टांची डोकी कडेत बुडतील अशी केलेली झाकणं तर आमच्या त्या प्लेटीपेक्षा चांगली आहेत, हे मान्य करायला मला काही वाटत नाही. आता ती पॅटर्नच्या खर्चाशिवाय मिळतात. फक्त मी विचारतो, गाडीत माणसं किती असतात, आणि बिघडली तर परत कशी आणणार? बहुतेकांना दुसऱ्या प्रश्नाचं हसू येतं.

बोरमाळ तिसऱ्या दिवाळीला सुटली. जीप पुढं बरीच वर्षं चालली, मग पठारावर डांबर गेलं, एसटी वर जायला लागली, वडापला माणसं मिळेनात. भंगारवाला आला त्या दिवशी मामानं आधी झाकण सोडवून घेतलं आणि मला आणून दिलं. पैसे घेणार नाही म्हणाला, वर चहाही नको म्हणाला.

ते माझ्या लेथच्या बाजूला भिंतीशी टेकून आहे. खालच्या पट्टीवर घाव इतके की मोजायचं सोडून दिलं. त्यातला सगळ्यात खोल घाव वरच्या वळणावरचा, पावसात बाळंतिणीला खाली आणताना लागलेला, असं मामा सांगतो. मामी म्हणते तो नव्हे, तो त्याच्या शेजारचा.