छत्री, माकडं आणि एचडी

बऱ्याच विकांतांनी लिहायला बसलोय. परवा माळा आवरताना एक जुना क्रिंपर सापडला, केबलला कनेक्टर दाबून बसवायचा असतो तो. मीठ खाऊन पार गंजलेला. आणि २०१९ चा उन्हाळा आठवला.

आमच्या टीममध्ये तेव्हा एक टेस्टर होता. त्याला आपण इथे क्ष म्हणू. क्ष घारापुरीचा. घारापुरी म्हणजे एलिफंटा. आपण सगळे शाळेच्या सहलीत एकदा आणि परगावचे पाहुणे आले की एकदा, असे आयुष्यात दोनदा तिथे जातो, त्रिमूर्तीसमोर फोटो काढतो, माकडाला मक्याचं कणीस देऊन (म्हणजे ते हिसकावून घेतं, आपण "दिलं" म्हणायचं) साडेपाचच्या लाँचने परत येतो. लाँच सुटल्यावर तिथे मागे माणसं राहतात, शेतबंदर, मोरा बंदर आणि राजबंदर अशी तीन गावं आहेत, हे क्ष भेटेपर्यंत माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

आणि या गावांना वीज कधी मिळाली? फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून. समोर रात्रभर झगमगणारी मुंबई आणि इकडे संध्याकाळी जेमतेम तीन तास डिझेल जनरेटर. क्ष कंदिलावर अभ्यास करून इंजिनिअर झाला होता. आम्ही त्याला "तुझा बिल्ड का फुटला" म्हणून छळायचो.

तर क्षचे वडील, आबा. गुंफांकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर त्यांचं लिंबू-सरबताचं छोटं दुकान होतं. क्रिकेटचं प्रचंड वेड. २ एप्रिल २०११, वर्ल्ड कपची फायनल, वानखेडेवर. म्हणजे त्यांच्या घरापासून पाण्यावरून सरळ रेघ मारली तर दहा-बारा किलोमीटर. गावात टीव्हीसमोर ही गर्दी. आणि दहाच्या सुमारास जनरेटर बंद! धोनीचा तो सिक्सर आबांनी सेलवरच्या ट्रान्झिस्टरवर ऐकला आणि पाठोपाठ मुंबईच्या आकाशात फटाके फुटताना पाहिले. "आवाज नाय आला, नुस्ता उजेड," असं ते सांगायचे.

२०१९ च्या वर्ल्ड कपच्या आधी क्षने मला चहाला बाजूला घेतलं. आबांना काचबिंदू झाला होता. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसऱ्याची नजर कडेकडेने मिटत चालली होती. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. क्षला एवढंच हवं होतं की हा वर्ल्ड कप तरी आबांनी नीट बघावा. मोठा टीव्ही, एचडी. "चेंडू दिसला पाहिजे रे," म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, फोन करायचा, डिश लावून जातात. आम्हालाही तसंच वाटलं होतं. कंपनीचं नाव नको, पण मुंबईचा माणूस म्हणाला, घारापुरी रायगड जिल्ह्यात, तालुका उरण, आमचा एरिया नाही. उरणचा म्हणाला, बोटीने कोण जाणार, तुम्ही मुंबईहूनच बघा ना. कॉल सेंटरवरच्या मुलीने तर फार गोड आवाजात विचारलं, "सर, जवळची खूण सांगाल का?" क्ष म्हणाला, "समुद्र."

शेवटी ठरलं, आपणच लावू. मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही दोघं ६० सेंटिमीटरची छत्री, ४३ इंची टीव्ही, केबलचं भेंडोळं आणि ड्रिल मशीन घेऊन गेटवेला लाँचमध्ये चढलो. एका गुजराती काकूंनी विचारलं, "गुंफेत टीव्ही बसवणार?"

मी शुक्रवारी रात्री बसून सगळं गणित केलं होतं. सॅटेलाइट ८३ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या डोक्यावर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंच. घारापुरीहून पाहिलं तर तो आग्नेयेच्या जरा दक्षिणेकडे आणि क्षितिजापासून तब्बल ६५ अंश वर. क्षला भीती होती की मागचा डोंगर आडवा येईल. डोंगराचा काहीच प्रश्न नव्हता. प्रश्न होता अंगणातल्या चिंचेचा. बरोब्बर त्या रेषेत उभी. फांदी तोडू का, असं मी नुसतं विचारलं, तर आबांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मी तो विषय काढला नाही. मग छत्री लागली संडासाच्या स्लॅबवर. घरातली सगळ्यात मजबूत आणि सगळ्यात मोकळी जागा तीच निघाली. :)

एवढ्या लहान छत्रीची नजर साधारण तीन अंशांची असते. दीड अंश चुकलात की सिग्नल निम्मा. मी वर छत्री केसभर हलवायचो, खालून आबांचा नातू (क्षचा पुतण्या, नववीतला) ओरडायचा, "चाळीस! पंचेचाळीस! गेला!" दोन तास हे चाललं. मग एकदम "ब्याऐंशी!" आणि मी बोल्ट आवळले. खाऱ्या हवेत कनेक्टर सडतो म्हणून त्यावर ग्रीस आणि टेपचे पाच वेढे दिले. काकूंनी आम्हाला बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी वाढली. या जेवणावर एक वेगळा लेख होऊ शकतो. असो.

चॅनेल निवडताना मात्र वेळ गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून एकेक चॅनेल वेगळा घ्यायची पद्धत सुरू झाली होती. स्पोर्ट्सचा एचडी चॅनेल १९ रुपये. मी त्याच्याबरोबर तोच चॅनेल साध्या एसडीमध्येही घेतला. क्ष म्हणाला, दोन्ही कशाला? मी म्हटलं, रिडंडन्सी. एचडीचा सिग्नल ज्या पद्धतीने पाठवतात त्यात जास्त माहिती कोंबलेली असते, त्यामुळे तो सहन करतो कमी. पाऊस आला की आधी एचडी मान टाकतो, एसडी बिचारा अजून थोडा वेळ तग धरतो.

टीव्ही सुरू झाला. हिरवंगार मैदान, गवताचं पातं न पातं. एसडीत चित्राचे साधारण चार लाख ठिपके असतात, एचडीत वीस लाख, बरोब्बर पाचपट. मी हे आबांना कौतुकाने सांगत असताना ते उठले आणि खुर्ची उचलून मागे मागे नेत पार दाराच्या उंबऱ्याशी जाऊन बसले.

"आबा, जवळ बसा ना, एचडी जवळूनच कळतं."

"जवळून अर्धाच दिसतो रं बाला. हिथून सगला मावतो."

काचबिंदूत नजर नळीसारखी होते. मोठं चित्र जवळ आणलं तर उलट त्याच्या कडा कापल्या जातात. मी सॅटेलाइटचा कोन दशांशापर्यंत काढला होता, पण त्या माणसाच्या डोळ्याचा कोन काढायचं मला सुचलं नव्हतं. आणि एवढ्या लांबून एचडी काय नि एसडी काय, धडधाकट डोळ्यालाही फारसा फरक कळत नाही. हे मी क्षला बोललो नाही. तो वडिलांकडे बघत होता.

जूनमध्ये माकडांनी दोनदा छत्री हलवली. दोन्हीदा पुतण्याने फोनवर ऐकत ऐकत ती जागेवर आणली. पोरगं हुशार.

आणि आली सेमीफायनल. ९ जुलै, भारत-न्यूझीलंड, मँचेस्टर. न्यूझीलंड ५ बाद २११ असताना तिकडे पाऊस आला आणि सामना दुसऱ्या दिवसावर गेला. बुधवारी दुपारी मी आणि क्ष एका क्लायंट कॉलमध्ये, लॅपटॉपच्या कोपऱ्यात स्कोअर. रोहित १, कोहली १, राहुल १. तीन बाद पाच! तेवढ्यात क्षचा फोन थरथरला. काकू. "टीवी गेलाय. ह्यांनी डोकं धरलंय."

आम्ही कॉल म्यूट केला (देवा, म्यूटच केला होता ना, हे तीनदा तपासलं) आणि सुरू झालं रिमोट डिबगिंग. आता मँचेस्टरला ऊन आणि पाऊस घारापुरीवर! वर सकाळी माकडं नाचून गेलेली. पुतण्या स्लॅबवर, एका हातात साधी छत्री, दुसऱ्या हातात ती छत्री. टीव्हीवरचा आकडा आबांना वाचता येईना, काकूंना वाचता येत होता पण "क्वालिटी कंची नि स्ट्रेंथ कंची" हे कळेना. शेवटी मी म्हटलं, काकू, खालची पट्टी. ती वाढली की ओरडा. एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर, मधेच रेंज जात, वीस मिनिटं. "वाढली! वाढली! वाढली रे!" आणि पाठोपाठ समालोचकाचा आवाज. मी इतका मोठा श्वास सोडला की मॅनेजर वळून बघायला लागला.

त्या दिवशी इंटरनेटवर एकाच वेळी अडीच कोटी लोक तो सामना बघत होते, त्याचा तेव्हा विक्रम झाला. आमच्या धंद्यातल्या माणसाला तेवढ्या लोडच्या कल्पनेनेच घाम फुटतो. सॅटेलाइटला त्याचं काही नसतं. तो वरून एकदाच सांगतो. ऐकणारा एक असो की कोटी, संडासाच्या स्लॅबवरची छत्री असो की मलबार हिलवरची, त्याला सारखंच.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. जडेजाच्या ७७, सगळ्यांच्या आशा पल्लवित, आणि ४९ व्या षटकातल्या तिसऱ्या चेंडूवर गप्टिलचा तो डायरेक्ट हिट. १८ धावांनी हरलो. धोनीचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला, पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं?

रात्री आबांचा स्वतःहून फोन आला. मला वाटलं रडवेले असतील. "बाला, मी अंपायरच्या आधी सांगितलं," म्हणाले. "बॅट बाहेर होती. दोन बोटं. मला दिसली." मग थोडं थांबून, "२०११ ला नुस्ता उजेड बगितला. आज धोनी बगितला. आउट तर आउट." आणि मग म्हणाले, "तुजा तो एचडी चांगला हाय."

पुढच्या शनिवारी मी छत्रीला माकडांसाठी तारेचा पिंजरा करायला गेलो. स्लॅबवर पुतण्या पक्कड धरून बसला होता. हळूच म्हणाला, "काका, त्या दिवशी पाऊस थांबलाच नाही. एचडी सारखा अडकत होता. मी शेवटपर्यंत साधावाला चॅनेल लावून ठेवला होता. आबांना बोलू नका."

खालून आबांनी विचारलं, काय झालं रं, एचडी येतोय ना? आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं, येतोय. क्ष नोकरी बदलून पुण्याला गेला तरी रिचार्ज बरेच दिवस माझ्याच खात्यातून होत होता. प्रत्येक वेळी यादीत तो एसडीचा चॅनेल दिसायचा, १९ रुपये. तो मी कधी काढला नाही.