माग काढणारी माणसे

आफ्रिकेची सफारी म्हटली की टीव्हीवर पाहिलेले हत्तींचे कळप आणि झाडाखाली लोळणारे सिंह आठवतात. परंतु वाचक बंधू-भगिनींनो, तेथे खरा कस लागतो तो लपून राहणारी जनावरे शोधताना. बिबट्या दिवसा फांदीवर निजतो. खवल्या मांजर बहुधा रात्रीच बाहेर पडते. रानकुत्रे तर साऱ्या आफ्रिकेत ७,०००ही उरलेले नाहीत.

दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यान १९२६ साली स्थापन झाले. त्याचा विस्तार सुमारे १९,५०० चौरस किलोमीटर. एवढ्या रानात एक बिबट्या शोधायचा कसा? लगतच्या खासगी अभयारण्यांत जीपच्या बॉनेटच्या कोपऱ्यावर एक लहानशी खुर्ची बसवलेली असते. तिच्यावर माग काढणारा माणूस बसतो आणि त्याची नजर मातीवर असते. सकाळच्या तिरप्या उन्हात ठसे उठून दिसतात. ठशात नखे उमटली असतील तर तो सहसा बिबट्या नव्हे, कारण बिबट्या नखे आत ओढून चालतो. ठशावर दव पडले असेल तर जनावर रात्रीच निघून गेले. दव मोडून ठसा उमटला असेल तर ते जवळ आहे. एवढ्यात माकडे एकाच दिशेला पाहून ओरडू लागतात, इंपाला हरणे फुरफुरतात. मग झाडाच्या फांद्या न्याहाळायच्या. पुष्कळदा पानांतून खाली लोंबणारे शेपूटच आधी दिसते.

ही विद्या बापाकडून मुलाकडे आली. तिच्यातील कित्येक जाणकारांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९९४ सालापासून तेथे मागकऱ्यांची रानातच परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू झाली. कागद नसलेल्या ज्ञानाला कागद मिळाला.

मात्र ज्यांना रान सर्वांत जास्त ठाऊक होते, त्यांनाच रानाबाहेर काढले गेले, हेही आपण जाणून घेतले पाहिजे. क्रुगरच्या उत्तर टोकाला लिंपोपो आणि लुवुव्हू नद्यांच्या मधोमध मकुलेके लोकांची गावे होती. १९६९ साली वर्णभेदी सरकारने सुमारे ३,००० माणसांना तेथून हुसकावले. बंदुकीच्या धाकाने आपलीच घरे आपल्याला जाळायला लावली, असे तेथील वृद्ध सांगत आले आहेत. वर्णभेदी राजवट गेल्यावर या लोकांनी जमिनीवर कायदेशीर दावा लावला आणि १९९८ साली सुमारे २४,००० हेक्टर जमीन परत मिळवली. तेथे शेती किंवा वस्ती न करता त्यांनी रान राखले. पर्यटकांच्या निवासांतून मिळणारे उत्पन्न आणि रोजगार गावाला मिळावा, अशी व्यवस्था केली.

म्हणून कुणाचे मुलगा-सून नोकरीनिमित्त तिकडे असतील आणि सफारीला जाण्याचा योग आला, तर बिबट्या दिसो न दिसो, पुढच्या खुर्चीवरील माणसाशी दोन शब्द अवश्य बोलावेत. त्याचे गाव कोणते, माग काढणे कुणाकडून शिकला, हे विचारावे. मुले बरोबर असतील तर त्यांनाही ऐकू द्यावे.