विकतची शांतता

मुंबईच्या उपनगरांत शांतता ही जागेबरोबर विकत मिळणारी वस्तु आहे, आणि ती मीं विलेपार्ल्यास घेतली. पार्लें सुसंस्कृत. लोकमान्य सेवा संघ येथें १९२३ पासून आहे. २०१६ सालीं कारखाना बंद पडेपर्यंत बिस्किटांचा गोड वासही रस्त्यावर फुकट मिळे. विमानें मात्र सारखीं डोक्यावरून जातात. त्यांनीं आमच्या शांततेचा भंग होतो असें कुणीं म्हटल्याचें मला आठवत नाहीं. मोठ्या माणसांचा गोंगाट तो!

मालवणांत शांततेची अशी बूज राखण्याची रीत नाहीं. समुद्राची गाज अहोरात्र चालू. चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढूं लागले कीं हाकाट्या वाडीपर्यंत येतात. दोन घरांमध्यें चिऱ्यांचा गडगा असतो, पण तो कमरेइतकाच, म्हणजे बोलतांना कोपर टेकायला सोयीचा. तेथून मीं आईला पार्ल्यास आणलें. पहिल्याच सकाळीं तिनें गॅलरींतून शेजारच्या बाईंना विचारलें, “काय गो बाय, आज नुस्त्याक काय गावला?” बाई हंसल्या, आणि त्यांनीं हलकेच खिडकी लावून घेतली. आठ दिवसांनीं जिन्याखालच्या फळ्यावर चिठ्ठी लागली कीं, गॅलरींत सुकी मासळी ठेवूं नये. खालीं सही नव्हती. सभ्य वस्तींत तक्रारसुद्धां निनांवी असते.

आई रागावली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, “हयली माणसां आजारी आसत काय रे?”

महिन्याभरांत ती परतली. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाल्यापासून रात्रीं निघालेला माणूस सकाळीं कुडाळला उतरतो. परतणें फार सोपें झालें आहे. पण ती परतली तें कोणाकडे? आमच्या वाडींतलीं तीन घरें आतां चतुर्थीपुरतींच उघडतात. गडग्यापलीकडच्या काकी गेल्या वर्षीं मुलाकडे ठाण्याला गेल्या, आणि जातांना विळीसुद्धां आईकडे ठेवून गेल्या. आम्हीं मुंबईस शांततेचे पैसे मोजले, तेव्हां तेथेंही ती आपोआप सांचत गेली, बिनमोल.

रात्रीं आईचा फोन येतो. बांगड्याचा भाव सांगून झाला कीं ती विचारते, “वरच्या बाईचो खोकलो बरो झालो काय?” तो खोकला मीं कधीं ऐकलाच नव्हता.