चूक त्याची, भुर्दंड मला

लाल सिग्नलला मी थांबलेलो, मागच्याने येऊन ठोकलं. पोलिसांच्या अहवालातही चूक त्याचीच. तरी गॅरेजच्या बिलातले १,००० डॉलर आधी माझ्या खिशातून गेले! मिशिगनमधल्या नोव्हीतला हा प्रसंग आठवला की अजून डोकं फिरतं.

मिशिगनमध्ये १९७३ पासून नो-फॉल्ट कायदा आहे. ज्याने त्याने आपल्या विम्याकडे जायचं. माझं कोलिजन, म्हणजे गाडीच्या धडकेतल्या नुकसानीचं संरक्षण, ‘स्टँडर्ड’ होतं. त्यात चूक कोणाचीही असो, डिडक्टिबल, म्हणजे बिलातली सुरुवातीची ठरलेली रक्कम, आपणच भरायचं. ‘ब्रॉड फॉर्म’ असतं तर माफ झालं असतं. स्वस्त पॉलिसी गळ्यात मारताना एजंटने हे सांगितलं नव्हतं.

खरी गंमत पुढे आहे. हीच गाडी मी रस्त्याकडेला नीट पार्क केली असती आणि त्याच माणसाने ठोकली असती, तर खर्च त्याच्या विम्याने दिला असता. ब्रेकवर पाय ठेवून मुकाट बसलो होतो, म्हणून नाही! गाडी दोन्हीकडे जागची हललेली नाही. “पण सर, पार्क केलेली नव्हती ना,” एवढंच एजंट म्हणत राहिला. शेवटी फोटो, बिल, पोलिस अहवाल जोडून ‘मिनी टॉर्ट’ या तरतुदीखाली ठोकणाऱ्याकडे डिडक्टिबल मागितलं. जुलै २०२० पासून अशा मागणीची मर्यादा १,००० वरून ३,००० डॉलर झाली आहे. चेक आला, पण कितीतरी फोन केल्यावर.

एवढं चिडूनही एक मान्य करतो. मानेचा एमआरआय, फिजिओथेरपी यांची बिलं माझ्याच विम्याने भरली, चूक कोणाची हे कोणी विचारलंही नाही. तेव्हा हा कायदा मला वेडगळ वाटला नाही.

म्हणून प्रीमियम कमी करायचा तर पहिली कात्री वैद्यकीय संरक्षणाला लावू नका. २०२० पासून अमर्यादऐवजी ५ लाख किंवा अडीच लाख डॉलरची मर्यादा घेता येते, मोह होतोच. त्यापेक्षा डिडक्टिबल वाढवा, जुन्या गाडीचं कोलिजन काढायचं का बघा. ऑफिसचा आरोग्य विमा वाहन अपघाताचा खर्च देत असेल, तर दोन्हींची सांगड घालूनही प्रीमियम उतरतो. मात्र तो देतो हे लेखी घ्या. आणि भारतातून आई-बाबा येणार असतील, तर ते मिशिगनचे रहिवासी नसल्यामुळे तुमच्या पॉलिसीतला वैद्यकीय लाभ त्यांना सहसा मिळत नाही. त्यांचा प्रवास विमा वाहन अपघात धरतो का, हे तिकीट काढतानाच विचारा.